फमाऊच्या गलबतावरचा बोका

मातोंदोनी,
११ सप्टेंबर १९७९

नाखवा फमाऊ बिन शी यांस,

सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही खुशाल असाल. असालच. तुमच्या आईंचे गुडघे वाऱ्याच्या दिवसांत फार दुखतात, तरी पाचही वेळची नमाज उभ्यानेच पढतात. त्यांनी तुम्हाला दुआ सांगितली आहे. माझ्याकडून सलामच आहे, तोही रीत म्हणून.

तुमचं गलबत लामूच्या धक्क्याला लागून बरेच दिवस झाले. लामूहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या भाताला मातोंदोनीत पोचतो. तुमचा स्वयंपाकी कोम्बो पोचला. बाकीचे खलाशीही आपापल्या घरी पोचले. आई दोन दिवस दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. शेवटी मी कोम्बोला अडवून विचारलं, "तुझे नाखवा कुठे आहेत?" तो डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, ते येणार होते, पण बकरीला बरं नाही."

बकरीला बरं नाही! गावात हसायला लोकांना एवढं पुरे होतं. फमाऊ नाखव्याने म्हणे नावेत जनावरं भरणाऱ्या नूह पैगंबरांचा धंदा काढलाय, असं आता पोरंसोरंही म्हणतात. एक बकरी, एक कोंबडा, पंख मोडलेला एक समुद्रपक्षी. त्या पाखराच्या पंखाला तुम्ही काडी बांधली आणि शिडाच्या कापडाची पट्टी गुंडाळली, हेही मला कळलं. आईंच्या गुडघ्याला बांधायला तुम्ही मोंबासाहून एक चिंधी तरी आणली का? इतक्या फेऱ्या झाल्या, एकदा तरी विचारलंत का, आई, चालता येतं का तुला?

पण बकरी-कोंबड्यासाठी मी शाई वाया घालवली नसती. पाळा. हत्ती पाळा. तुमचं गलबत, तुमची हौस.

मागच्या जुम्याला बाजूच्या वाडीत लग्न होतं. आम्ही बायका तांदूळ निवडत बसलो होतो. कोम्बोची बायको सलामा मोठ्याने म्हणाली, "शमसा, तुझा नवरा म्हणे बोक्याला काटे काढून मासा भरवतो! आमच्याने अजून मला पाण्याचा पेला पुढे केला नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग एका म्हातारीने विचारलं, "एवढ्या लाडक्या बोक्याचं नाव तरी काय?" आणि सलामाने नाव सांगितलं.

सांगून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिचा हात सुपातच राहिला. मी तांदूळ निवडत राहिले. खडे कुठले आणि तांदूळ कुठले, काही दिसत नव्हतं, तरी निवडत राहिले, कारण उठले असते तर सगळ्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असतं.

ते नाव मी या कागदावर लिहिणार नाही. घरातही मी ते घेत नाही. पलीकडच्या अंगणातल्या मुलाचं तेच नाव आहे. त्याची आई हाक मारते तेव्हा मी आत जाऊन भांडी आपटते, म्हणजे ऐकू येऊ नये. आणि तुम्ही ते एका जनावराला दिलंत. उंदीर धरणाऱ्या, गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसून अंग चाटणाऱ्या जनावराला. खलाशी दिवसभर त्याला ओरडत असतील, उतर तिथून, चोर कुठला, मासा पळवलास का रे! कोम्बो एखादवेळी लाथही घालत असेल. त्या नावाला लाथ!

तुम्हाला लाज वाटली नाही, हे मी समजू शकते. पुरुषांना कमीच वाटते. पण अल्लाची भीती तरी?

मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. घरी झोपत नाही, म्हटलं नका झोपू. जेवत नाही, नका जेवू. पण हे चालणार नाही. बोक्याचं नाव बदला, नाही तर त्याला लामूच्या बाजारात सोडून द्या, तिथे त्याचे खूप भाऊबंद आहेत. दोन्ही जमत नसेल तर मला तलाक पाठवा. मी आईंना सोडून जाणार नाही, तुम्हाला मात्र सुटका मिळेल.

कोम्बोच्या हाती उत्तर द्या. तोंडी निरोप मी घेणार नाही.

शमसा


लामू, गलबतावरून
१५ सप्टेंबर

शमसाला सलाम. आईला दुआ. कोम्बोबरोबर गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे. ते तुझं पत्र यायच्या आधीच घेतलं होतं, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

तुझं पत्र मी वाचलं. पुन्हा वाचलं. तुला लिहिता येतं हे मला ठाऊक होतं, इतकं लागेल असं लिहिता येतं हे ठाऊक नव्हतं.

बोक्याला मी नाव दिलेलं नाही. तो मोंबासाला पिठाच्या पोत्यांबरोबर चढला, एवढासा होता. त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. एकदा वाटेत मी मासा साफ करत होतो. पोटात अंड्यांची गाभोळी निघाली. तुला ठाऊक आहे गाभोळी कुणाची असायची ती. मी ती बाजूला काढली आणि हाक मारली. डोकं ठिकाणावर नव्हतं, हाताला सवय होती, तोंडालाही सवय होती. मी म्हणालो, "इदू, ये." आणि तो आला.

माणसाने हाक मारली आणि कुणी आलं, तर माणूस काय करतो? पुन्हा हाक मारतो. मीही मारली.

लाथेचं म्हणशील तर ऐक. माझ्या गलबतावर त्या बोक्याला कुणी हात लावत नाही. एका नव्या खलाशाने त्याला दोरीचा फटका दिला होता. त्याला मी मालिंदीला उतरवला. तो अजून शिव्या देतो म्हणतात. देऊ दे.

आता माझं ऐक. तू मला अल्लाची भीती विचारतेस. मी तुला विचारतो, तू थांबली का नाहीस?

त्या दिवशी माझं गलबत खाडीत होतं, शमसा. मातोंदोनीच्या समोर, ओहोटीच्या चिखलात रुतलेलं. घरांची छपरं दिसत होती. भरती येईपर्यंत हलता येत नव्हतं, म्हणून आम्ही चहा करून बसलो होतो. तेवढ्यात माणसं कब्रस्तानाकडे जाताना दिसली. जनाजा लहान होता. मी कोम्बोला म्हणालो, कुणाचं तरी लेकरू गेलं रे. आम्ही दोघं उठून उभे राहिलो आणि फातिहा पढलो. कुणा परक्याच्या पोरासाठी. मग मी खाली बसून चहा संपवला.

मी चहा संपवला, शमसा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

भरती आल्यावर मी घरी आलो तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि माझ्याकडे वळलीसुद्धा नाहीस. माझ्या मुलाचं तोंड मला दाखवायला तुम्हाला एका भरतीची वाट बघवली नाही. समोर माझं शीड होतं. त्याच्यावरचं ठिगळ गावातलं पोरगंही ओळखतं.

त्या घरात मी काय म्हणून झोपू?

नाव बदलणार नाही. बोका सोडणार नाही. तलाक हवा असेल तर काझींकडे जा, मी आडवा येणार नाही.

फमाऊ


मातोंदोनी,
२० जानेवारी १९८०

फमाऊ,

सलाम. हे पत्र अबुशिरी नाखव्याबरोबर मोंबासाला पाठवते आहे. तो तुला जुन्या बंदरात गाठेल.

भर वाळूत चार माणसांसमोर मी तुला अरे-तुरे केलं, म्हणून आई माझ्यावर फार रागावल्या. पण एकदा तोंडातून गेलं ते आता परत 'तुम्ही' होत नाही. तेव्हा हे पत्रही असंच वाच.

तू बोलायची संधी न देता निघून गेलास, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तुझं सप्टेंबरचं पत्र वाचून मला वाटलं, हा बनवून सांगतो आहे. स्वतः घरी येत नाही, त्याला काहीतरी कारण हवं, म्हणून खाडीतलं गलबत काढलं. मी ते पत्र चुलीत टाकणार होते. का टाकलं नाही ते विचारू नकोस. मग तू नोव्हेंबरात तळ खरवडायला गलबत मातोंदोनीच्या वाळूवर चढवलंस. घरापासून एवढ्या जवळ की तुझे सुतार फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत ते मला चुलीपाशी ऐकू यायचं. आणि तू तिथेच वाळूवर, गलबताच्या सावलीत झोपायचास. आईंना भेटायला यायचास तो मी विहिरीवर गेले की. तुला वाटलं मला कळत नव्हतं?

त्या जुम्याला सगळे पुरुष मशिदीत गेले आणि मी बुरख्यासारखी काळी बुईबुई अंगावर ओढून टोपली घेऊन निघाले. खरं तेच सांगते, मी बोक्याला न्यायला आले होते. टोपलीत घालून त्याला तिवरांच्या पलीकडे, मासे वाळवतात तिथे सोडणार होते. उपाशी मेला नसता. माझ्या कानांपासून लांब गेला असता, इतकंच.

शिडीवरून मी वर चढले. बाईमाणूस गलबतावर चढलं की वारा रुसतो म्हणतात तुम्ही लोक. रुसू दे म्हटलं.

वर सगळं किती नीटनेटकं होतं! बकरीला सावलीत बांधलेलं, पुढे ओला चारा. कोंबड्याच्या भांड्यात स्वच्छ पाणी. ते लंगडं पाखरू दोरीच्या वेटोळ्यावर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होतं. माझा संताप आणखीच वाढला. वाटलं, या माणसाला सगळं येतं. पाणी बदलता येतं, पट्टी बांधता येते, कुणाला सावलीत बसवावं हे समजतं. मग घरच्यांनीच काय पाप केलंय?

बोका मागच्या फळ्यांखाली शिरून बसला होता. मी हात घातला, तो आणखी आत सरकला. मी च्यक च्यक केलं. मासा दाखवला, बरोबर आणला होता. "ये रे, ये मनी" म्हटलं. ढिम्म हलेना. काठीने ढोसलं तर फिसकारला. मशिदीतून लोक परतायची वेळ होत आली. मी घामाने भिजून गेले, गुडघ्यांवर रांगत होते, तुझ्या त्या घाणेरड्या फळ्यांपाशी, सुकल्या माशांच्या वासात. आणि मला कळून चुकलं की हा एकाच हाकेला येणार आहे.

मी काठी खाली ठेवली. मग मारली हाक.

फमाऊ, तो लगेच आला. शेपटी उभी करून, जणू मी रोज बोलावते. माझ्या मांडीवर चढला, दोन वेळा गोल फिरला आणि बसला. त्याच्या पाठीवर माझा हात गेला तो मी नेला नाही, आपणच गेला. टोपली बाजूलाच पडली होती. मी पुन्हा एकदा नाव घेतलं. तो कान हलवून ऐकत होता. त्या दिवसानंतर इतक्या शांतपणे मी कुठेच बसले नव्हते, आणि ते तुझ्या गलबतावर बसले, याचा मला अजून राग येतो.

तेवढ्यात तुम्ही सगळे मशिदीतून आलात. तू खाली वाळूत उभा राहून ओरडलास, "कोण आहे वर?"

"तुझी बायको," मी म्हणाले. "ओळखतोस का?"

"खाली उतर. लोक बघतायत."

"बघू देत. बकरीला बरं नसलं तर तू राहतोस, आज बायकोला बरं नाही, मीही इथेच राहते."

खलाशी वाळूत नजर खुपसून उभे होते. सुतार उगाच ठोकायला लागला. तू वर चढलास, माझ्या मांडीवर त्याला बघितलंस आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला.

"ठेव त्याला, शमसा."

"का? मी खाते की काय याला?"

"टोपली कशाला आणलीस मग?"

मी टोपली मागे सारली. तू म्हणालास, "एकाला मला न दाखवता नेलंत. आता यालाही नेणार होतीस." ते तू हळू म्हणालास, पण सगळ्यांनी ऐकलं. मग मी ओरडले. काय काय बोलले ते मला आठवतं आणि त्यातलं काहीच मी परत घेत नाही. "मला कुणी विचारलं होतं का? बायकांना कब्रस्तानात नेता का तुम्ही? माझ्या हातातून काढून घेतला त्याला! मी आतल्या खोलीत होते, मला दार दिसत नव्हतं, तुझं शीड कुठून दिसणार? आणि तू खोटं बोलतोस, तू खाडीत नव्हतास!"

तू उतरून चालता झालास. बोलला तो कोम्बो. शिडीच्या खालच्या पायरीवर हात ठेवून तो म्हणाला, "वहिनी, नाखवा खोटं बोलत नाहीत. मी होतो बरोबर. फातिहा आम्ही दोघांनी पढली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चहाचं मात्र त्यानेही काढलं नाही.

मी बोक्याला खाली ठेवला आणि रिकामी टोपली घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर तू गलबत पाण्यात ढकललंस आणि लामूला गेलास, तिथून वारा फिरल्यावर दक्षिणेला. सुतार म्हणत होता, काम अजून राहिलं होतं.

आता पुढचं लिहायला मला बरेच दिवस लागले. लिहू नये असंही वाटलं. पण तू माझ्यावर ठेवलेला आळ मी जन्मभर वाहणार नाही.

त्याच जुम्याच्या दुपारी मी आईंना विचारलं, "त्या दिवशी ह्यांचं गलबत खाडीत होतं का?"

त्या तसबीह फिरवत होत्या. फिरवायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "होतं."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं. छपरावरून. माणसं विचारायला आली, थांबायचं का. मीच सांगितलं, थांबू नका. त्याला निरोपही धाडू नका."

त्याच पुढे म्हणाल्या, "शमसा, तो थांबला असता का भरतीला? उडी मारून चिखलातून धावला असता. त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो, मग छातीपर्यंत, आणि मागून पाणी चढतं. त्याचा बाप तसाच गेला ना, हाक ऐकून? एक लेकरू तर हातचं गेलं होतं. माझं लेकरूही त्याच दिवशी देऊ का?"

मी विचारलं, "मग नंतर का नाही सांगितलंत? तो मला दोष देतो आहे."

म्हणाल्या, "तुला दोष दिला तर तो कधीतरी परत येईल. नवरा-बायकोचं भांडण असतं. मला दिला तर येणार नाही."

मी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, शेजारणीने वाढलं. तिसऱ्या दिवशी वाढलं. काय करणार? त्यांच्या गुडघ्यांना तेल मीच लावते, तू पाठवलेलं. लावताना जरा जोरात चोळते, त्या ओरडत नाहीत.

हे तुला कळवते आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी नको म्हटलं नाही. तू त्यांच्यावर रागावू नकोस. मी रागावले आहे, एका घराला तेवढं पुरे. त्यांनी चूक केली की बरोबर, हे मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरतं. पण तू जिवंत आहेस, मोंबासात बसून हे वाचतो आहेस, हे त्यांच्यामुळे असू शकेल. आणि तू त्याचं तोंड बघितलं नाहीस, हेही त्यांच्यामुळे. दोन्ही खरं आहे. तुझं तू बघ.

त्याचं तोंड कसं होतं ते मी सांगू शकते. ते बघितलेली मीच आहे. पण पत्रातून सांगणार नाही. समोर बसून विचारलंस तर सांगेन.

काझींकडे मी गेलेले नाही. जाणारच नाही असंही नाही.

बोक्याचं नाव बदलू नकोस. तू म्हणतोस तू ते दिलं नाहीस, त्याने घेतलं. असेल तसं. मला ते आवडलेलं नाही आणि आवडणारही नाही. पण ती हाक मारायचा हक्क तुझ्या एकट्याचा नाही. गलबत या बाजूला असेल तेवढे दिवस तो माझ्या घरी राहील. त्याच्याबरोबर तू ये, नाही तर कोम्बोच्या हाती पाठव. बकरीला आणू नकोस, अंगणातली भाजी खाईल. पाखराचं काय ते तू ठरव.

पुढच्या फेरीला खाडीत ओहोटी लागली तर चिखलात पाय घालू नकोस. गलबतावरच बस, चहा कर, पूर्ण संपव. इथून कुणी कुठे जात नाही.

माझा राग गेला असं समजून येऊ नकोस. आहे तो घरातच आहे, मीही घरातच आहे.

इदारूसची आई,
शमसा